मदत हवी आहे : बैलजोडीच्या उधारीचे 38,000 रुपये, आधी लोकअदालत की थेट दिवाणी दावा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. वडील गेल्यानंतर शेती बटईने दिली, म्हणून मे 2023 मध्ये आईने आमची बैलजोडी गावातीलच एका कास्तकाराला 82,000 रुपयांना विकली. त्यांनी 40,000 रुपये रोख दिले आणि उरलेले 42,000 ‘तूर विकल्यावर देईन’ अशी सही केलेली चिठ्ठी आईला लिहून दिली. सौदा घरच्या गोठ्यात झाल्यामुळे बाजाराची पावती नाही. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी फोनवरून 4,000 रुपये पाठवले. पुढे काहीच आले नाही. तंटामुक्त गाव समितीच्या बैठकीत त्यांनी देणे कबूल केले, परंतु ते कबुलीचे शब्द कागदावर कोणीही उतरवून घेतले नाहीत, याची मला आता फार खंत वाटते.

मुंबईसारखे लघुवाद न्यायालय (लहान रकमांचे दावे चालवणारे) आमच्या तालुक्याला नसल्यामुळे दावा लावायचा झाल्यास तो कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयातच लावावा लागेल. आईची इच्छा मात्र लोकअदालतीची आहे, कारण समोरच्या घराशी आमचे तीन पिढ्यांचे येणेजाणे आहे. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचे) प्रकरण म्हणून अर्ज करता येतो, तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील चालत नाही, एवढे मी वाचले आहे. शिवाय 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे खर्चाची चिंता नाही. पण लोकअदालत दोघांच्या संमतीवर चालते, आणि समोरची व्यक्ती तारखेला आलीच नाही तर आमचे महिने वाया जातील.

माझी खरी काळजी मुदतीची, म्हणजे दावा लावण्याच्या कालमर्यादेची आहे. 1963 च्या मुदत कायद्यात उधारीची ठरावीक मुदत नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे, आणि ती ठरली असेल तर ती संपल्यापासून तीन वर्षे मोजतात. आमच्या चिठ्ठीत तारीख नाही, फक्त तूर आहे. आमच्याकडे तूर साधारण जानेवारीत निघते आणि भाव पाहून कोणी ती उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवतो, हे न्यायालयात कसे मांडावे? म्हणजे आमची मुदत मे 2023 पासून धरावी की 2024 च्या तुरीपासून?

दुसरे असे की, अंशतः फेड झाल्यावर मुदत नव्याने सुरू होण्यासाठी ती फेड देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने नोंदलेली असावी लागते. मग फोनवरून आलेल्या 4,000 रुपयांचा आणि त्यासोबतच्या ‘बाकीचे नंतर’ या संदेशाचा उपयोग होईल का? आणि विधी सेवा समितीकडे नुसता अर्ज दिल्याने मुदत थांबते का, की आधी दावा दाखल करून तो न्यायालयामार्फत लोकअदालतीत पाठवून घेणे सुरक्षित आहे?

ज्यांनी तालुक्याच्या न्यायालयात असे प्रकरण चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे. चिठ्ठी व बँकेचा उतारा घेऊन मी येत्या सोमवारी आईसोबत समितीच्या कार्यालयात जाणार आहे.