'अफर्मिंग' नावाचा कोर्स खरा कसा ओळखायचा?

मालवणची स्पीचताई
नमस्कार. मी स्पीच थेरपिस्ट, सात वर्षांपासून मालवणात. पुढच्या वर्षी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी नव्याने करायची आहे. पाच वर्षांत १०० सीआरई गुण (सतत शिकत राहिल्याचे) लागतात, त्यातले तीसेक बाकी आहेत. गुण कसेही जमतील, पण या वेळी मला खरंच शिकायचं आहे, आणि त्याला कारण एक मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक. सकाळी आजोबांबरोबर किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला जातो. माझ्याकडे टेबलाशी बसला की थोड्या वेळाने सुरू होतं, "तीनशे, साडेतीनशे, चारशे... चारशेक गेली!" मी शिकले होते तेच करत राहिले. बोलण्याकडे दुर्लक्ष करायचं, कार्ड पुढे धरायचं, "इकडे बघ" म्हणायचं आणि बघितलं की हातावर दोन चुरमुरे. असे दोन महिने गेले.

गेल्या महिन्यात त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "ताई, तो तुमका सांगताहा, झाला म्हणान. तेका घराक जावचा आसा." लिलावात 'गेली' म्हटलं की पाटी उचलतात, माणसं पांगतात. म्हणजे दर वेळी तो मला स्पष्ट सांगत होता की आता पुरे, आणि मी त्याला चुरमुरे देत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

न्यूरोडायव्हर्सिटी अफर्मिंग, म्हणजे मेंदूच्या वेगळेपणाला दोष न मानता मान देणारे, म्हणवणारे ऑनलाइन कोर्स पुष्कळ दिसतात. त्यातून निवडायचं कसं? आणि "डोळ्यांत बघायला शिकवा, नाहीतर शाळेत घेत नाहीत" म्हणणाऱ्या पालकांना काय सांगायचं?

ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), रत्नागिरी
ताई, तुमचं वाचून माझीच काही मुलं डोळ्यांसमोर आली. मी अशा एका कोर्सला पैसे भरले होते. सकाळी वैविध्याचा आदर, दुपारी हात हलवणं थांबवायचे तक्ते. तेव्हापासून फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारते. शिकवणाऱ्यांत स्वतः ऑटिस्टिक किंवा एडीएचडी असलेलं कोणी आहे का? आणि मूल 'नको' म्हणालं तर थेरपिस्टने काय करायचं, हे शिकवता का? दुसऱ्या प्रश्नाला गोलगोल उत्तर आलं की मी तिथेच थांबते. नमुन्यादाखल उद्दिष्टंही मागवा. 'पाच सेकंद नजर मिळवेल' असं असेल तर नाव काहीही असो, आत जुनंच आहे. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास डीएसएमच्या (मानसिक निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या) ऑटिझमच्या निकषांत २०१३ पासून आहे, तरी कित्येक कोर्स त्याला अर्ध्या तासात गुंडाळतात.

आमची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे, त्यामुळे सीआरईचं मला लागू नाही. तुम्ही मात्र कोर्सला आरसीआयची मान्यता आहे का ते आधी बघा. परदेशी प्रमाणपत्र शिकायला चांगलं असेल, पण गुणांसाठी त्यावर विसंबू नका.

देवगडचा एकजण
मी थेरपिस्ट नाही. एकोणतिसाव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालेला माणूस आहे. लहानपणी मला डोळ्यांत बघायला लावायचे. बघायचो, पण मग समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरायचंच नाही. एका वेळी एकच जमायचं.

कोर्समध्ये डेमियन मिल्टन यांची 'दुहेरी सहानुभूती'ची मांडणी आहे का बघा. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ माणसांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवून पाहिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच नीट पोचली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत. तुमच्या टेबलाशीही मिश्र साखळीच होती. आईने मधला दुवा जोडला.

जुनी स्पीचवाली, चिपळूण
ताई, स्वतःला फार दोष देऊ नका, आपल्याला तसंच शिकवलं गेलं. पण दुसरं ज्ञान तेव्हाही होतं. बॅरी प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी १९८४ मध्येच ऐकलेलं नंतर बोलण्याचे, म्हणजे डिलेड इकोलेलियाचे, चौदा उपयोग नोंदवले होते. मागणी, नकार, स्वतःला सूचना देणं, असे. सध्या 'गेस्टाल्ट लँग्वेज'चे, म्हणजे मूल आधी अख्खी वाक्यं उचलतं आणि मग ती सुटी करतं असं मानणारे, कोर्स जोरात आहेत. मुलाचं वाक्य अर्थपूर्ण मानायचं, हा त्यातला भाग मोलाचा. पायरीपायरीने उपचार करायची जी पद्धत विकतात, तिला पुरावा अजून तोकडा आहे. तेवढं भान ठेवून घ्या.

सोबत आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं 'जेलो' ॲप बघा. फुकट आहे, मराठीतही चालतं. बोलणाऱ्या मुलालाही थकल्यावर चित्राचा आधार लागतो.

आणि पालकांना २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं कलम १६ सांगतं. नजर मिळवण्याची अट त्यात कुठेच नाही.

मालवणची स्पीचताई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन कोर्सवाल्यांना 'नको'चा प्रश्न पाठवला. एकीने उलट मलाच विचारलं, तुमच्याकडचं मूल 'नको' कसं म्हणतं? मी लिलावाचं लिहून पाठवलं. तिथेच नाव घालते आहे. गुण नाही मिळाले तरी चालतील, ते दुसरीकडून जमवेन.

आज तो आला होता. बाराव्या मिनिटाला "चारशेक गेली!" म्हणाला. मी "गेली" म्हटलं आणि कार्डं गोळा करून डब्यात भरली. तो दारापर्यंत गेला, चपलेत एक पाय घातला आणि परत येऊन त्याने डब्याचं झाकण उघडलं. त्यातलं होडीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पुढची दहा मिनिटं आम्ही जमिनीवर बसून होडीच खेळलो.