पोर्क रोस्ट: तुकडा कुठला घेतलाय?

'दोन तास भाजून चामडं झालं, म्हणजे कमी भाजायला हवं होतं' असं पोर्क रोस्ट फसलेल्या एकानं म्हटलंय. लॉइन (पाठीकडचा तुकडा) असेल तर बरोबर. त्यात चरबी नावालाच; आत ६३ अंश सेल्सियस झालं की बाहेर काढून झाकून ठेवायचं, पुढे गेलं की भुसा. (अमेरिकेच्या कृषी खात्यानंही २०११ मध्ये सुरक्षित तापमानाचा ७१चा आकडा ६३वर आणला, वर तीन मिनिटं मुरू द्यायची अट.)

खांद्याचं गणित मात्र नेमकं उलटं. तो ७०ला काढलात तर रबर, कारण त्यातलं कोलॅजन (मांस चिवट करणारं प्रथिन) विरघळायला वेळ लागतो. ९०च्या पुढे गेला की काटा नुसता टेकवला तरी धागे सुटतात. पहिल्यांदा मी दीड किलोचा हाडासकट तुकडा ओटीजीत (टेबलावरच्या छोट्या ओव्हनमध्ये) १५०वर उघडाच ठेवला होता. थर्मामीटर ७२वर येऊन जो अडकला तो पाऊण तास हलेना. ओव्हन बिघडला समजून मी आच वाढवली आणि वरची बाजू कोळसा! बिघडलं काहीच नव्हतं. मांसातलं पाणी उडत असतं तेव्हा ते घाम आल्यासारखं स्वतःला थंड करत राहतं. आता ट्रेवर फॉइल घट्ट बसवते, रॅक सगळ्यात खाली (ओटीजीतला वरचा रॉड फार जवळ असतो), आणि साडेतीन तास उघडून बघत नाही. शेवटी फॉइल काढून २२०वर पंधरा मिनिटं, तेवढ्यात कातडी फुलते. तुकडा अख्खाच हवा असं खाटिकाला मात्र आधीच बजावा, नाहीतर सवयीनं करीकट (रश्श्यासाठीचे छोटे तुकडे) करून हातात देतो.