शिफारशींची यादी आणि ख्याल

संगीताच्या ॲपवर मिळणाऱ्या शिफारशींच्या यादीमुळे नवे संगीत आपोआप हाती येते, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपने 2015 मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ सुरू केले, तेव्हापासून दर सोमवारी 30 गाण्यांची यादी मिळते. तिच्यामागचे एक मुख्य तत्त्व असे की, ज्यांच्या प्लेलिस्ट आपल्याशी जुळतात, त्यांनी ऐकलेले पण आपण न ऐकलेले गाणे आपल्यापुढे ठेवायचे. चित्रपटगीतांसाठी ही रीत उत्तम चालते आणि तिने मलाही चांगली गाणी दिली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

ख्यालगायनापाशी, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या शास्त्रीय गायनापाशी, मात्र ती अडते. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलेले गाणे ‘ऐकले’ असे मोजले जाते; अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, एकतालाचे एक आवर्तनच (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटभर चालू शकते, म्हणजे गायक पहिल्या समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधीच हिशेब पुरा होतो. परवा संध्याकाळी मी माझ्या मोबाइलवर मारवा राग लावला होता. तो संपताच आपोआप एक भजन सुरू झाले, कारण गायक तेच होते! मला हवा होता तो दुसऱ्या कुणाचा तरी मारवा, नाहीतर पूरिया राग. मारव्याचेच स्वर घेऊनही पूरिया किती निराळा वाटतो, हे लागोपाठ ऐकल्यावरच उमगते. आकाशवाणीवर निवेदक गायकासोबत राग आणि साथीदारही सांगत असत, आणि त्या दोन वाक्यांच्या आधारे आमच्या पिढीने पुढचे शोधले. रागाच्या नावाची स्वतंत्र नोंद प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत ठेवावी, एवढी मागणी तरी आपण श्रोत्यांनी लावून धरायला हवी.