सायकलच्या हलक्या चाकांमुळे खरोखर फरक पडतो का?

प्रश्न: सध्याच्या चाकांपेक्षा ४०० ग्रॅमने हलकी जोडी घेण्याचा विचार आहे. चढावर तिचा खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: रिम आणि टायर यांचे वजन पुढेही सरकते आणि गोलही फिरते, त्यामुळे वेग वाढवताना ते जवळपास दुप्पट मोजावे लागते, हे खरे, परंतु स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ४०० ग्रॅमचे ८०० होऊनही फरक १ टक्क्याचाच राहतो. एकसारख्या वेगाने चढताना तर ते दुप्पटही नसते. तासाभराच्या चढावर फार तर १८ सेकंद वाचतील.

उत्तर २: हिशेब मान्य आहे. तरीही वळणातून बाहेर पडताना पेडलवर उभे राहून जोर दिला की हलकी चाके चटकन उचल घेतात, आणि मला ती जाणीव फार मोलाची वाटते.

उत्तर ३: सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते, म्हणून तिथे वजनापेक्षा रिमचा आकार महत्त्वाचा ठरतो. माझा आग्रह असा की आधी लवचीक, सहज घरंगळणारे टायर बसवून हवेचा दाब आपल्या वजनानुसार ठेवावा, आणि मगच चाकांकडे वळावे.