गणिताच्या पदवीनंतर अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण: जाणकारांनी लिहावं

गणितातून अभियांत्रिकीत जाताना नेमकं काय भरून काढावं लागतं, कुठे अडतं, हे त्या त्या शाखेतल्या लोकांनी इथे लिहावं. धीर देणारे बरेच भेटतात, तपशील हवा आहे.

कंट्रोल

आधी शाखा ठरवा. कंट्रोल (यंत्राचं आउटपुट आपोआप हव्या त्या पातळीवर ठेवणं), सिग्नल प्रोसेसिंग, ऑप्टिमायझेशन इथे लिनियर अल्जिब्रा आणि संभाव्यतेवर बरीच मजल मारता येते. यंत्र किंवा स्थापत्यात स्टॅटिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि थर्मोडायनॅमिक्सला पर्याय नाही.

कंट्रोलमध्ये गणितवाले स्थिरतेची सिद्धता सहज देतात. पण मोटरला ठरावीक मर्यादेच्या वर व्होल्टेज देता येत नाही, हे त्या सिद्धतेत बहुधा नसतंच. मर्यादा गाठली की कंट्रोलरमधला इंटिग्रेटर एरर, म्हणजे लक्ष्यापासूनचा फरक, साठवत राहतो आणि आउटपुट लक्ष्याच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून अँटी-वाइंडअप, म्हणजे ही साठवण रोखणारी तजवीज, पहिल्या दिवसापासून घाला.

दुसरा शत्रू विलंब. वारंवारता गुणिले विलंब, एवढी फेज हातची जाते. 50 रेडियन प्रति सेकंदाला 10 मिलिसेकंद विलंब म्हणजे 0.5 रेडियन, जवळपास 29 अंश. कागदावरचं 45 अंशांचं फेज मार्जिन, म्हणजे यंत्र अस्थिर होण्याआधीची फेजची मोकळीक, 16 वर येतं. सिम्युलेशन सुरळीत आणि प्रत्यक्ष यंत्र थरथरतंय, असं दिसलं की आधी विलंब मोजा.

फायनाइट एलिमेंट

फायनाइट एलिमेंट म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे कल्पून तिची समीकरणं संगणकावर सोडवणं. त्यामागचं गणित, म्हणजे वीक फॉर्म, सोबोलेव्ह स्पेस, हे तुम्हाला वर्गातल्या इतरांपेक्षा चांगलं येईल. गळा आवळतात ती एककं. सॉफ्टवेअर एककं विचारत नाही, फक्त आकडे घेतं. लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये, ताण मेगापास्कलमध्ये घेतला, तर घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्येच हवी: पोलादासाठी 7.85 गुणिले 10 चा उणे 9 वा घात. तिथे किलोग्रॅम प्रति घन मिलिमीटरचा आकडा टाकला, तर नैसर्गिक वारंवारता सुमारे 32 पट कमी येते. स्वतःचं वजन न धरलेल्या स्थिर विश्लेषणात ही चूक दिसतच नाही, कारण तिथे घनता वापरलीच जात नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलबरोबर एका साध्या कँटिलिव्हरचं (एकाच टोकाला पक्क्या बसवलेल्या तुळईचं) हाताने काढलेलं उत्तर ताडून पाहा.

शिअर स्ट्रेनही (आकार तिरका होण्याचं माप) जपून. अभियंते वापरतात तो टेन्सर घटकाच्या दुप्पट असतो.

आणि मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढून गुणू नका, समीकरणं थेट सोडवा. कंडिशन नंबर (चूक किती पट वाढू शकते त्याचं माप) 10 चा 8 वा घात असेल, तर डबल प्रिसिजनच्या साधारण 16 अंकांतले 8 गेले असं समजा.

सिग्नल प्रोसेसिंग

फूरिए येतं म्हणून निर्धास्त राहू नका. हर्ट्झ की रेडियन, 2 पाय कुठे, आणि एफएफटीतला (संगणकावर झटपट फूरिए रूपांतर काढायची पद्धत) 1 भागिले एन सरळ रूपांतरात की उलट्या, हे प्रत्येक लायब्ररीच्या माहितीपत्रात वाचा. डेसिबेल काढताना शक्तीसाठी 10 लॉग, आयामासाठी (अँप्लिट्यूड) 20 लॉग. अँटी-अलायझिंग फिल्टर, म्हणजे सॅम्पलिंगमध्ये एकमेकींत मिसळतील अशा जास्त वारंवारता अडवणारा, अ‍ॅनालॉगच हवा आणि सिग्नलचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी हवा. सॅम्पल घेतल्यावर मिसळलेल्या वारंवारता साधारणपणे वेगळ्या करता येत नाहीत.

अर्जाबद्दल

‘रिअल अ‍ॅनालिसिस’ या नावावरून अभियांत्रिकीच्या निवड समितीला फारसं कळत नाही. अभ्यासक्रमाचं एका ओळीत वर्णन द्या, त्यातून कोणता प्रश्न सोडवता येतो तेही लिहा. शिफारसपत्रांतलं किमान एक तुमचा कोड किंवा प्रयोग पाहिलेल्या व्यक्तीचं असावं. राहिलेले पूर्वविषय कोणते, ते प्रवेशाआधी लेखी विचारा: ते श्रेयांकांत धरले जात नसतील तर मुदत एका सत्राने सहज लांबते.

वरच्याला जोडून

परवानाधारक अभियंता व्हायचं असेल, तर आधी त्या देशाचे नियम पाहा. अनेक ठिकाणी मान्यताप्राप्त अभियांत्रिकी *पदवी* लागते, नुसती पदव्युत्तर पदवी पुरत नाही. संशोधन किंवा सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, पुलाच्या नकाशावर सही करायची असेल तर येतो.