मदत हवी आहे: गिनी फाउलच्या तीन जातींत पिलांचा उतारा एवढा वेगळा काऊन येते? पांढरी जात ठेवू का काढू?

वावरवाला_यवतमाळ

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितो पण पूर्ण वाचा राजेहो, कारण अर्ध्या माहितीवर उत्तर आलं तर माझा हा सिझन हातचा जाईन.

मी दारव्ह्याकडचा, कापूस-तुरीवाला. गावरान कोंबड्या घरी आधीपासूनच आहेत, त्यांच्यासोबत आता गिनी फाउल पाळतो. तीन रंगाच्या आहेत. जांभळट-करडी अन् अंगभर पांढरे ठिपके ती कादंबरी, फिक्कट राखाडी ठिपक्यांची चितांबरी अन् पूर्ण पांढरी श्वेतांबरी. ही नावं बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी अनुसंधान संस्थानाच्या जातींची आहेत. माझे पक्षी थेट तिथून आणलेले नाहीत, एका पाळणाऱ्याकडून घेतले, म्हणून मी रंगावरून नाव लावतो हे आधीच सांगून ठेवतो. (अन् दरवेळी कोणीतरी विचारतेच म्हणून, हे तितर नाही. तितर, लावा, मोर ही आपली रानपाखरं 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात, ती पाळता येत नाही. गिनी फाउल मूळची आफ्रिकेतली, पाळीव आहे.)

आता प्रश्न. तिघींची अंडी एकाच मशीनमधी लावतो. पंखेवालं मशीन आहे, 37.6 वर ठेवलेलं, फिरवणं ऑटोमॅटिक, पाण्याचा ट्रे खाली. कादंबरीचा उतारा सगळ्यात बरा, लावलेल्या अंड्यांपैकी निम्म्याच्या वर पिल्लं निघतात. चितांबरी थोडी खाली. श्वेतांबरी मात्र तिसऱ्या हिश्शावर अडकते, अन् हे एकदा नाही, दरवेळी तसंच होते. गावातले म्हणतात पांढरी जातच नाजूक असते, विकून टाक अन् कादंबरीच वाढव. मले ते पटत नाही. पांढरीची कातडी उजळ निघते, साफ केल्यावर माल स्वच्छ दिसते, धाब्यावाले तिलेच आधी हात लावतात. म्हणजे विकायला तीच बरी अन् उबवायला तीच खराब, असं कोड्यात पडलो आहे.

बाकी माहिती: कादंबरीचा कळप मोठा आहे, चार-पाच मादींमागं एक नर या हिशोबानं. चितांबरीचा मध्यम. श्वेतांबरीच्या माद्या थोड्या अन् नर एकच. अंडी गोळा करून माजघरात माठाच्या बाजूला ठेवतो, ट्रे भरला की मशीनमधी. खाद्य तिघींना एकच. अंडी मार्चात सुरू झाली, आता एप्रिल संपत आला, दुपारी शेडमधी उभं राहावत नाही असं ऊन आहे.

ज्यांनी या तिन्ही जाती सोबत पाळल्या, त्यांनी सांगा बावा, पांढरीचा उतारा खरंच जातीनं कमी असते का दुसरं काही आहे?

---

अकोल्याचा_पोल्ट्रीवाला

भाऊ, आधी एक सांगतो, कादंबरीत निम्म्याच्या वर पिल्लं निघून राहिली ना, मंग ते कमी नाही. गिनीत गाभण (फळलेली, जीव धरलेली) अंडी 70 ते 75 टक्के धरतात, अन् त्या गाभण अंड्यातून 70 ते 80 टक्के पिल्लं निघतात. गुणाकार करून पाय, लावलेल्या शंभर अंड्यामांगं 49 ते 60 पिल्लं. गावरान कोंबडीच्या हिशोबानं गिनीले मोजलं का माणूस उगाच दुःखी होते.

दुसरं म्हंजे तू "उतारा" म्हणून एकच आकडा पाहून राहिला. त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. अंडं गाभण होतं का नव्हतं हे नर-मादीचं काम, अन् गाभण अंड्यातून पिल्लू निघालं का नाही हे साठवणीचं, मशीनचं अन् थोडं अंड्याचं काम. हे वेगळं केल्याशिवाय कोणत्या जातीले दोष देऊ नको. समज एका जातीची शंभर लावली, 72 गाभण निघाली अन् 54 पिल्लं आली. गाभणपणा 72 टक्के, गाभण अंड्यावर उतारा 75 टक्के. दुसऱ्या जातीचेही 54 च आले पण गाभण 60 च होती, तर तिचा गाभण अंड्यावर उतारा 90 झाला. पिल्लं दोघींची सारखी अन् इलाज एकदम उलटा, पहिलीत मशीन अन् साठवण पाय, दुसरीत नर बदल.

तर मले हे सांग, पांढरीची जी अंडी निघाली नाही ती फोडून पाह्यली का? आत काय होतं?

---

वावरवाला_यवतमाळ

दादा, फोडून पाहतो मी, वास सोसून पाहतो. पांढरीच्या अंड्यात कोरी (काहीच नाही अशी) काही होती, पण जास्त अंड्यात रक्ताचं बारीक कडं दिसलं, नाहीतर एकदम लहान असतानाच मेलेला जीव. कादंबरीत असं नाही, तिच्यात पूर्ण वाढलेली, कवच टोचलेली अन् तशीच राहिलेली पिल्लं जास्त. पिल्लू पूर्ण झालं अन् दारात मेलं, ते पाहून लय वाईट वाटते.

---

पशुवैद्यक_वर्धा

ही माहिती फार कामाची दिली तुम्ही, कारण दोन जातींचं मरण दोन वेगळ्या वेळी होतंय, म्हणजे कारणंही दोन आहेत.

श्वेतांबरीचं आधी. पहिल्या आठवड्यात रक्ताचं कडं होऊन मरणं हे बहुतेक वेळा मशीनच्या आधीच्या गोष्टींवरून येतं, म्हणजे अंडी किती दिवस आणि कुठल्या तापमानात ठेवली यावरून. तुम्हीच लिहिलंय की पांढऱ्या माद्या थोड्या आहेत आणि ट्रे भरला की लावता. मोठ्या कळपाचा ट्रे तीन-चार दिवसांत भरत असेल, पांढरीचा भरायला दहा-बारा दिवस तरी लागत असतील, बरोबर? उबवायची अंडी 15 ते 18 अंशांत ठेवून आठवड्याच्या आत लावावीत. एप्रिलमधलं विदर्भातलं माजघर, माठाजवळ असलं तरी, दुपारी तीसच्या वर जातंच. साधारण 21 ते 24 अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो, रात्री थंड झालं की थांबतो, परत दुपारी वाढतो. असं रोज होत राहिलं की मशीनमध्ये जायच्या आधीच तो खचलेला असतो. कादंबरीच्या अंड्यांनी हे तीन दिवस सोसलं, श्वेतांबरीच्या अंड्यांनी त्याच्या तिपटीनं सोसलं. इथे जातीची तुलना होतच नाहीये, साठवणीच्या दिवसांची होतेय.

नर एकच असणं हेही आहेच. तो एक नर कमजोर निघाला किंवा त्याला उन्हाचा त्रास झाला तर आख्ख्या जातीचा गाभणपणा पडतो. मोठ्या कळपात एखादा नर ढिला पडला तरी बाकीचे भरून काढतात. कोऱ्या निघालेल्या अंड्यांचा हिशोब या नराकडे लावा, रक्ताच्या कड्यांचा नको.

आता कादंबरी. टोचून आत मेलेली पिल्लं म्हणजे बहुतेक ओलाव्याची गडबड. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेतला ओलावा दुपारी वीस टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येतो, मशीनमधलं पाणी भराभर उडतं, आतली पातळ कातडी चिवट होते आणि पिल्लू फिरूच शकत नाही. गिनीचं कवच मुळातच जाड आहे, त्याला आधीच जास्त जोर लावावा लागतो. पहिले 24-25 दिवस ओलावा 55 ते 60 टक्के ठेवा, मग फिरवणं बंद करून 65-70 च्या वर न्या. पिल्लं 26 ते 28 दिवसांत येतात, त्या दिवसांत झाकण उघडू नका, ओलावा एका झटक्यात जातो.

ओलावा मोजायचा मीटर बरोबर दाखवतोय का ते तपासायचं असेल तर अंड्याचं वजन करा. 40 ग्रॅमचं अंडं 25 व्या दिवसापर्यंत साधारण 5 ग्रॅम कमी व्हायला हवं. 7-8 ग्रॅम गेलं तर हवा फार कोरडी, 2-3 च गेलं तर ओलावा जास्त. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा पुरतो.

---

गोंदियाची_कुक्कुटताई

भाऊ, मशीनवर शंका आहे तर खुडूक कोंबडीला विचारा ना. आमच्याकडे मी हेच करते. एकाच दिवशी गोळा झालेली पांढरीची अंडी दोन वाटे करा, अर्धी मशीनमध्ये, अर्धी गावरान खुडूक कोंबडीखाली. गिनीचं अंडं लहान असते, चांगल्या अंगाच्या कोंबडीखाली पंधराएक आरामात बसतात. कोंबडीखाली भरपूर निघाली अन् मशीनमध्ये नाही, तर मशीन दोषी. दोन्हीकडं सारखीच मेली, तर दोष अंड्यातच आहे, म्हणजे साठवण नाहीतर आई-बाप. फक्त ती कोंबडी 21 दिवसाच्या हिशोबाची, तिला आणखी आठवडाभर बसायचं आहे, म्हणून नुकतीच खुडूक झालेली घ्या, अन् रोज एकदा दाणापाण्याला उठवा, नाहीतर वाळून जाते. बसवायच्या आधी तिच्या उवा-पिसवा पण पाहून घ्या.

अन् पिल्लं निघाल्यावर ओली होऊ देऊ नका हो. गिनीचं पिल्लू मोठेपणी एवढं काटक, पण पहिल्या पंधरा दिवसात पाण्याच्या भांड्यात भिजलं की गेलंच. भांड्यात गोटे टाकून ठेवा. मी उतारा मोजताना दोन आठवड्यांनी किती जगली हेही लिहिते, कारण मला विकायला ती जगलेलीच मिळतात.

---

अकोल्याचा_पोल्ट्रीवाला

ताईनं लाखाची गोष्ट सांगतली. त्यात माह्याकडून एवढंच जोडतो. वावरात मोकळी सोडत असशीन तर गिनी काटेरी कुंपणात, पऱ्हाटीच्या ढिगाखाली लपवून अंडी घालते. तिथलं अंडं दुपारच्या उन्हात किती तास पडून होतं तुले काय माहीत? अशी अंडी तुलनेच्या ट्रेत घेऊच नको, घरी खाऊन टाक. दुपारपर्यंत शेडमधी कोंडून ठेव, शेडमधलं अंडं दिवसातून दोन-तीनदा उचल, अन् प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख अन् जातीचं अक्षर टाक. क, च, श. अशी खूण नाही करत कोणी म्हणून तर सगळा घोळ होते.

तिसाच्या ट्रेवरून निकाल नको लावू. तीस-तीस अंड्यांत पाच-सहा पिल्लांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडते. तिन्ही जातीची अंडी एकाच तारखेले, सारख्याच दिवसाची शिळी, एकाच ट्रेत मिसळून लाव, अन् असं पूर्ण सिझन कर. उन्हाळ्यातली कादंबरी अन् पावसाळ्यातली श्वेतांबरी जोडून पाह्यलं तर ती जातीची तुलना नाही, मे अन् जुलैची तुलना होईन.

---

वावरवाला_यवतमाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता तेच आहे, पांढरीचा ट्रे भरायला दहा दिवसाच्या वर जातात. आता ठरवलं ते असं, की पांढरीचा ट्रे भरायची वाटच नाही पाहायची. पाच-सहा दिवसात जेवढी जमतील तेवढी तिघींची सोबतच लावायची, ट्रे अर्धा राहिला तरी चालन. अंड्यासाठी मातीच्या रांजणात ओली वाळू अन् त्यात मडकं, वर ओलं पोतं, असं करतो. फ्रिजमधी लोक ठेवतात पण तिथं फार थंड होते ना?

दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून गाभण-कोरी वेगळी मोजायला सुरुवात करतो. कवच जाड अन् तपकिरी आहे, सातव्या दिवशी मले काहीच नीट दिसत नाही.

---

पशुवैद्यक_वर्धा

फ्रिज 4-5 अंशांचा असतो, तो नको. रांजणाची कल्पना चांगली आहे, फक्त अंडं ओलं होऊ देऊ नका, कवचावर पाणी बसलं की जंतू आत जातात. आत साधा थर्मामीटर ठेवून दुपारी तीनचा आकडा लिहा. आपल्या कोरड्या हवेत असा रांजण चांगला गार राहतो, अठरापर्यंत नाही गेला तरी माजघरापेक्षा बराच खाली येईल आणि सहा दिवसांच्या साठवणीला तेवढं पुष्कळ. टोक खाली, रुंद बाजू वर ठेवा. टॉर्च दहाव्या दिवशीच बरोबर, जाड कवचाला तीच वेळ योग्य.

आणि नराचं बघायचं असेल तर पांढरीची काही ताजी अंडी फोडून पिवळ्या बलकावरचा ठिपका पाहा. गाभण असेल तर ठिपक्याभोवती स्पष्ट गोल कडं दिसतं, कोरं असेल तर नुसता दाट पांढरा टिकला असतो. मशीनमध्ये दहा दिवस घालवण्यापेक्षा हे लवकर कळतं, आणि अंडी घरी खायलाही होतात.

---

वावरवाला_यवतमाळ

आजच फोडून पाह्यली पांढरीची चार ताजी अंडी. तिघांत कडं दिसलं, एकात नाही. म्हणजे नर काम करून राहिला. मले तर आतापर्यंत त्याच्यावरच डाऊट होता.

तरी एकाच नरावर सगळी जात ठेवायची भीती वाटते, साप-मुंगूस काही सांगता येत नाही. यवतमाळ, वर्धा, वाशीम भागात कोणाकडे दुसऱ्या रक्ताचा श्वेतांबरीचा नर जादा असन तर सांगजा. कल्ल्याची वाटी (चोचीखाली लोंबणारी कातडी) मोठी अन् एकाच सुराचा आवाज देणारा पाहिजे, दोन सुरात ओरडते ती मादी हे मले माहीत आहे, पण लहान पक्षी असला तर विकणाऱ्याचाही अंदाज चुकते, म्हणून अंड्यावर आलेल्या वयाचाच द्या. बदल्यात चितांबरीच्या दोन माद्या देतो.