अनुभव धागा: जे मिळालं ते खरंच आपल्याच कष्टाचं?

मंडळी, निकाल लागले की क्लासवाल्यांचे बॅनर लागतात, फोटोखाली 'कष्टाचं फळ', आणि मला माझा धाकटा भाऊ आठवतो. मी सीए झाले, रात्ररात्र अभ्यास केला हे खरंय, पण बाबा आजारी पडले तेव्हा फोंड्याच्या दुकानावर तो बसला, नववीतून शाळा सोडून. आजही गिऱ्हाईक कागदावर आकडे मांडत असतं आणि हा काउंटरच्या पलीकडून ते उलटे वाचून बेरीज सांगून मोकळा. मग माझा पगार फक्त माझ्या लायकीचा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 मध्ये हेच मांडलं, की अंगचे गुण कोणी कमावलेले नसतात आणि कष्ट करायची वृत्तीसुद्धा घरदार कसं मिळालं यावर बरीच अवलंबून असते. मला पटतं. तुमचे अनुभव लिहा, विरोधातले असले तरी चालतील.

डिचोलीहून
ताई, आमच्याकडे उत्तर खाणीनंच दिलंय. चीनला खनिज जायचं तेव्हा ट्रकला उसंत नव्हती, कर्ज काढून दुसरा घेतला, लोक म्हणायचे पोरगा धडपड्या आहे. 2012 ला खाणी बंद, मग थोड्या सुरू, 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं परत ठप्प. ट्रक अंगणात, चाकांभोवती गवत वाढलेलं. मी तोच, पहाटे उठणारा, पण हप्ते थकले आणि तीच माणसं म्हणायला लागली की ह्याला धंदा कळत नाही. एका निकालानं माझी लायकी कशी बदलली?

मडगावहून
दिलीप सरदेसाई इथलेच. पोर्तुगीज काळात इथे धड क्रिकेट नव्हतं, घरचे 1957 ला मुंबईला गेले म्हणून पुढचं सगळं झालं. 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये 642 धावा. धावा त्यांच्याच, त्यात वादच नाही, पण बिऱ्हाड हललं नसतं तर? मी स्वतः पोरांना फुटबॉल शिकवतो. वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे वर्षाच्या सुरवातीला जन्मलेली पोरं जास्त निवडली जातात, जगभर हेच दिसलंय. डिसेंबरचा पोरगा त्याच गटात जवळजवळ वर्षानं लहान, अंगानं किरकोळ, त्याला 'दम नाही' म्हणून घरी पाठवतात. निवडलेल्याला चांगला कोच, जास्त मॅचेस मिळतात आणि मग तो खरंच सरस होतो! मी आता आधी जन्मतारीख विचारतो, मग खेळ बघतो.

सांगेहून
मला मात्र सगळं नशिबावर ढकललेलं आवडत नाही. गायिका मोगूबाई कुर्डीकर आमच्या कुर्डीच्या, ते गाव आता साळावली धरणाखाली गेलंय. लहानपणी आई गेली, नाटक कंपनीत कामं केली. सांगलीत त्यांचा रियाज थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर पडला आणि तालीम सुरू झाली, हा योग मान्य. पण खाँसाहेबांच्या कानावर पडायला आधी रियाज चालू असावा लागतो ना? मी गाणं शिकवते, गोड गळ्याच्या मुली कितीतरी येतात, एक पलटा, म्हणजे सुरांची ठरलेली ओळ, शंभरदा घोटायला सांगितला की दुसऱ्या महिन्यापासून दिसत नाहीत. जी टिकते तिचा अभिमान तरी तिच्याकडे राहू दे.

काणकोणहून
सांगेच्या ताई, टिकायलाही 'तू बस, चुलीचं मी बघते' म्हणणारं कोणीतरी घरात लागतं. माझी मोठी बहीण देवळातल्या भजनाला पेटी वाजवायची, ऐकणारे थांबायचे. आई मासे विकायला बाजारात, आम्ही धाकटी भावंडं हिच्या अंगावर, पेटी सुटली ती सुटलीच. चिकाटी तिच्यात कमी नव्हती हो, ती सगळी आम्हाला वाढवण्यात गेली. ज्या मुली यायच्या बंद झाल्या त्यांच्या घरी एकदा जाऊन या ना, का येत नाहीत ते विचारा.